शेवाळाचा लेप लावूनही बोटीच्या तळाला बार्नॅकल? या चुका टाळा

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तळ खरवडून नवा रंग मारायचा, हा ठरलेला कार्यक्रम. बार्नॅकल, म्हणजे बोटीच्या तळाला घट्ट चिकटणारे कवचधारी समुद्री जीव, बसू नयेत म्हणून या रंगात बहुधा तांब्याचा ऑक्साइड असतो. पूर्वी टीबीटी हे कथिलाचं संयुग असायचं. त्यामुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली आणि २००८ पासून त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. तांबंही पाण्यात उतरतंच. म्हणून समुद्री शेवाळातल्या रसायनांकडे लक्ष वळलं. ऑस्ट्रेलियातल्या डेलिसिया पुल्क्रा या लाल शेवाळातली फ्युरॅनोन नावाची द्रव्यं जिवाणूंची आपसातली रासायनिक बोलणी बिघडवतात आणि बार्नॅकलच्या अळ्यांनाही बसू देत नाहीत.

हे वाचून शेवाळाचा अर्क रंगात मिसळायचे प्रयोग उत्साहानं होतात, आणि फसतात. त्याहून वाईट म्हणजे न जमलेला प्रयोग जमला असं वाटतं.

सगळ्यात मोठी चूक जुन्या रंगावरच नवा लेप चढवण्याची. चार महिने तळ स्वच्छ राहिला, पण खालचं तांबं पाझरत होतं त्याचं काय? श्रेय शेवाळाला देऊन मोकळे! बोटीवर जाण्याआधी कोऱ्या फायबरच्या पट्ट्या घ्या. एकीवर काहीच नको, दुसरीवर नुसता रंग, तिसरीवर अर्क विरघळवायला वापरलेलं मिथेनॉल मिसळलेला रंग, चौथीवर अर्कासह रंग. तिसरी पट्टी हमखास विसरली जाते. तीच स्वच्छ निघाली, तर काम मिथेनॉलनं केलं असण्याची शंका घ्या.

पट्ट्या जुलैत मांडवीत सोडू नका. पावसात नदीच्या मुखाशी खारेपणा इतका उतरतो की बार्नॅकलच्या अळ्या तशाही कमी बसतात. ऑक्टोबरनंतर सोडा आणि मे महिन्यापर्यंत ठेवा.

सुकं शेवाळ मिक्सरमध्ये दळून थेट डब्यात ओतणारेही भेटतात. शेवाळात अल्जिनेट, कॅरेजिननसारखी शर्करायुक्त द्रव्यं भरपूर असतात. ती पाणी शोषून फुगतात, रंगाला फोड येतात, वर जिवाणूंना खायला मिळतं ते वेगळंच. भुकटी नको, अर्क हवा. त्यातही पाण्यात सहज विरघळणारा भाग थोड्याच दिवसांत धुऊन जातो. लेप सुरुवातीला चालला आणि मग एकदम थंडावला, तर संशय इथेच घ्या. रसायन सूक्ष्म कुप्यांत बंद करून किंवा हळूहळू झिजणाऱ्या रंगात मिसळून सावकाश सोडावं लागतं, आणि खरी डोकेदुखी हीच आहे.

तळ हाताला बुळबुळीत लागतो, पण बार्नॅकल नाहीत? मग लेप अर्धा चालला. आधी जिवाणू आणि डायटम या सूक्ष्म एकपेशीय शेवाळाचा चिकट थर बसतो, त्यानंतर अळ्या येतात. बार्नॅकलची शेवटच्या अवस्थेतली अळी काही खात नाही. मिशांनी पृष्ठभाग चाचपत फिरते आणि जागा पसंत पडली की चीक सोडून जन्माची चिकटते. तिला रोखणारं द्रव्य जिवाणूंना रोखेलच असं नाही. दोन्ही चाचण्या वेगळ्या करा.

‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त होऊ नका. ब्रोमोफॉर्म हे विषारी रसायन लाल शेवाळातही बनतं, म्हणून ते काही निरुपद्रवी ठरत नाही. अळी बसणं थांबवणारी मात्रा आणि तिला मारणारी मात्रा यांत मोठं अंतर हवं. संशोधक साधारण १५ पटींहून जास्त अंतर मागतात. नुसत्या मेलेल्या अळ्या मोजून लेप चांगला ठरत नाही.

गोळा करताना हणजूणच्या खडकावरून शेवाळ मुळासकट उपटू नका, वरचा भाग कापा. जागा आणि तारीख लिहून नमुना दाबून ठेवा. एकाच जातीतली रसायनं ऋतूगणिक कमीजास्त होतात, त्यामुळे डिसेंबरचा अर्क चालला आणि मेचा नाही, तर आधी ती नोंद पाहा. सावलीत वाळवा, कडक उन्हात नाजूक द्रव्यं उडून जातात.

आणि खरवडलेला जुना रंग खाडीत लोटू नका. ताडपत्री अंथरून गोळा करा, त्यात तांबं आहे.