राउटर टाकून देण्याआधी अडॅप्टर बघा

कोल्हापुरात पावसाळ्यात लाईट सारखी ये-जा करते आणि मग वायफायचा राउटर मधेच बंद पडून आपोआप चालू व्हायला लागतो. लगेच राजारामपुरीत नवा आणायला पळू नका. पुष्कळदा राउटर धडधाकट असतो, गेलेला असतो तो अडॅप्टर.

१. अडॅप्टरवरचं बारीक अक्षरातलं 'आउटपुट' वाचा, उदा. १२ व्होल्ट, १ अँपिअर. दिसत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून मोठा करा.

२. तेवढ्याच व्होल्टचा दुसरा लावून बघा. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही. पिन आणि प्लस-मायनसची खूणही तीच हवी.

३. तरी तेच रडगाणं असेल तर घ्या नवा राउटर. त्याला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अगदी अक्षर न् अक्षर. मोबाईल, टीव्ही, कॅमेरा बहुतेक आपोआप जोडले जातात; घरभर पासवर्ड सांगत फिरायला नको.

जुन्याचं रीसेट बटण मात्र उगाच दाबू नका. नेटवाल्याने आत भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं, आणि रविवारी तो काही फोन उचलत नाही.