बॉर्डरलाइन अंडाशय-गाठ: सोनोग्राफीपासून ब्लॉकपर्यंत

अंडाशयाच्या बॉर्डरलाइन गाठीचा (म्हणजे सौम्य गाठ आणि कर्करोग यांच्या मधल्या गाठीचा) निकाल मुख्यतः एका प्रश्नावर लागतो: पेशी स्ट्रोमात, म्हणजे खालच्या आधार-ऊतीत, घुसल्या आहेत का? हे सोनोग्राफीत दिसत नाही, एमआरआयमध्येही नाही. त्यामुळे रेडिओलॉजिस्टने शंकेची जागा नेमकी सांगायची आणि पॅथॉलॉजिस्टने तिथून भरपूर ब्लॉक (सूक्ष्मदर्शकासाठी मेणात बसवलेले तुकडे) घ्यायचे.

सोनोग्राफी योनीमार्गातून करा. गाठ ओटीपोटाच्या वर गेली असेल तर पोटावरूनही. सिस्टच्या (पाण्याने भरलेल्या गाठीच्या) भिंतीतून आत आलेला, ३ मि.मी. किंवा अधिक उंचीचा घन उंचवटा म्हणजे पॅपिला. 'पॅपिला आहेत' एवढे लिहून भागत नाही, मोजा. ओ-रॅड्समध्ये (अंडाशयाच्या गाठीचा कर्करोगाचा धोका श्रेणींत मांडणाऱ्या पद्धतीत) एककप्पी सिस्टमध्ये १ ते ३ पॅपिला असतील तर श्रेणी ४, चार किंवा जास्त असतील तर ५. कलर डॉपलरची (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीची) वेगपट्टी ३ ते ६ सें.मी. प्रतिसेकंद इतकी खाली आणा. बरेचदा चूक इथेच होते: ती जास्त ठेवली की बारीक प्रवाह दिसत नाही आणि पॅपिला रक्ताची गुठळी समजून सोडून दिली जाते. खरी गुठळी बहुधा रुग्ण कुशीवर वळल्यावर हलते. गाठीच्या कडेला निरोगी अंडाशयाची चंद्रकोर शिल्लक दिसली तर जरूर नोंदवा. ती आक्रमक कर्करोगाच्या विरोधात जाते, आणि तरुण रुग्णाचे अंडाशय वाचवायचे ठरले तर सर्जनला ती माहिती लागते.

एमआरआयमध्ये सिरस (पातळ पाणी असलेल्या) बॉर्डरलाइन गाठीची खूण बरीच बोलकी असते. टी२ वर (टी१, टी२ आणि डिफ्युजन हे एमआरआय प्रतिमांचे प्रकार) पॅपिला पाण्यासारखी उजळ आणि तिच्या आत फांद्या फुटलेला गडद देठ. याउलट पॅपिला टी२ आणि डिफ्युजन दोन्हींवर गडद असेल तर सिस्टअडेनोफायब्रोमा ही तंतुमय सौम्य गाठ आधी आठवा. एंडोमेट्रिओमा (एंडोमेट्रिओसिसमुळे झालेली, जुन्या रक्ताने भरलेली सिस्ट) टी१ वर मुळातच उजळ असतो, म्हणून त्यातल्या घन भागाने शिरेतून दिलेला कॉन्ट्रास्ट शोषला की नाही हे सबट्रॅक्शन (कॉन्ट्रास्टनंतरच्या प्रतिमेतून आधीची वजा केलेल्या) प्रतिमांवरच ठरवा. गर्भारपणात अशा सिस्टमधला डेसिड्युआ (गर्भारपणातल्या हार्मोनमुळे जाड झालेले अस्तर) हुबेहूब बॉर्डरलाइनसारखा दिसतो. रक्तातला सीए-१२५ हा ट्यूमर मार्कर नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. एंडोमेट्रिओसिसमध्ये तो उगाच वाढतो, तर बॉर्डरलाइनमध्ये नॉर्मलही राहतो.

सुईने पाणी काढायच्या मोहात पडू नका, गाठीतले पोटात सांडू शकते. शस्त्रक्रियेत गाठ फुटली तर फिगोचा (कर्करोग किती पसरला ते सांगणाऱ्या पद्धतीचा) टप्पा १ए वरून १सी१ असा वर जातो.

नमुना आल्यावर उघडण्याआधी बाहेरचा पृष्ठभाग पाहा: पॅपिला कुठे, फाटलेले कुठे. पुसू नका, नाजूक पॅपिला गळतात. शाई लावा, मग उघडा. न उघडता फॉर्मॅलिनमध्ये टाकलेली सिस्ट आतून सडते. दर सेंटिमीटरला किमान एक ब्लॉक. म्युसिनस (चिकट म्युसिनने भरलेली) गाठ १० सें.मी.पेक्षा मोठी असेल तर दर सेंटिमीटरला दोन. म्हणजे २० सें.मी.च्या गाठीला ४० ब्लॉक. लॅबमध्ये कुरकुर होईल, होऊ द्या. पारदर्शक पातळ भिंत कापून संख्या भरू नका. जाड, घन, मखमली भाग घ्या आणि एमआरआय अहवालातला घन भाग शोधून काढा. फ्रोजनमध्ये (शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून केलेल्या तपासणीत) मोजकेच तुकडे पाहता येतात, त्यामुळे मोठ्या म्युसिनस गाठीत निदान कमी लेखले जाते. तिथे 'किमान बॉर्डरलाइन' असेच कळवा.

सूक्ष्मदर्शकाखाली बॉर्डरलाइन बदल एपिथेलियमच्या (गाठीच्या पेशींच्या अस्तराच्या) १० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर ती सिस्टअडेनोमा ही सौम्य गाठच, मर्यादित जागी (फोकल) वाढीसह. मायक्रोपॅपिलरी (बारीक, लांबट पॅपिलांचा प्रकार) म्हणायला ती रचना सलग ५ मि.मी. हवी. मायक्रोइन्व्हेजन म्हणजे स्ट्रोमातली घुसखोरी ५ मि.मी.च्या आत. तिरक्या कापात पेशी स्ट्रोमात घुसल्याचा भास होतो. शंका असेल तर ब्लॉक खोलवर कापून पुढचे थर पाहा. ओमेंटमवरील (पोटातल्या चरबीच्या पडद्यावरील) इम्प्लांटमध्ये, म्हणजे तिथे रुजलेल्या गाठीच्या पेशींमध्ये, खरी घुसखोरी असेल तर २०१४ पासून त्याला लो-ग्रेड सिरस कार्सिनोमा, म्हणजे कर्करोगच, म्हणतात.

म्युसिनस गाठ दोन्ही बाजूंना असेल, किंवा एकाच बाजूला पण १० सें.मी.पेक्षा लहान असेल, तर बॉर्डरलाइन लिहिण्याआधी गाठ आतड्यातून, विशेषतः अपेंडिक्समधून, आली असेल का याचा विचार करा. पेशींतली प्रथिने दाखवणाऱ्या खास रंगतपासणीत सीके७ निगेटिव्ह आणि एसएटीबी२ पॉझिटिव्ह आले तर संशय पक्का होतो. पोटात जेलीसारखा म्युसिन पसरला असेल तर उगम जवळपास नेहमी अपेंडिक्सच असतो, मग अंडाशय कितीही मोठे दिसो.