व्हिडिओ गेममधील लहान मूल कसे लिहावे

कथाप्रधान गेमसाठी लहान मुलाचे पात्र लिहिताना, ते मूल स्वतःहून काय करते, हे सर्वप्रथम लिहून काढावे. याचे उत्तर सापडत नसेल, तर ते पात्र खेळाडूच्या डोळ्यांत पाणी आणण्यापुरतेच उरेल, आणि हा मुलांवर अन्याय आहे असे मी ठामपणे मानतो.

त्यानंतर वय निश्चित करावे आणि त्या वयाची ताकद व मर्यादा खेळाच्या नियमांतच उतरवाव्यात, कारण केवळ संवादांतून त्या पटत नाहीत. 'अ प्लेग टेल: इनोसन्स' (२०१९) या गेममध्ये चौदाव्या शतकातील फ्रान्समध्ये पाच वर्षांचा ह्यूगो आपल्या थोरल्या बहिणीचा, अमिसियाचा, हात धरून चालतो. ती त्याला सोडून लांब गेली की तो घाबरतो आणि त्याच्या आवाजाने पहारेकरी सावध होतात. मात्र जिथे तिला शिरता येत नाही, अशा फटीतून तोच सरपटत पलीकडे जातो. त्याचे लहानपण खेळाडूला अडचणीत आणते आणि अडचणीतून सोडवतेही.

मुलाच्या जिवावर नैतिक पेच उभा करायचा असल्यास त्यामागचा हिशेब बारकाईने तपासावा. 'बायोशॉक'मध्ये (२००७) एका लिटल सिस्टरचा, म्हणजे अॅडम गोळा करणाऱ्या लहान मुलीचा, बळी घेतल्यास १६० अॅडम (नव्या शक्ती विकत घेण्यासाठी लागणारे द्रव्य) मिळते आणि तिला वाचवल्यास ८०. परंतु तीन मुलींना वाचवल्यावर २०० अॅडमची भेट येते. म्हणजे तिघींमागे ४८० विरुद्ध ४४०, शिवाय भेटीसोबत इतर वस्तूही. दयेची किंमत इतकी किरकोळ ठेवली की निवडीतला पीळच सैल पडतो.

मुलाला शिकण्यासाठी जागा द्यावी. टेलटेल या कंपनीच्या 'द वॉकिंग डेड'मध्ये (२०१२) खेळाडूच्या हातातला नायक ली आठ वर्षांच्या क्लेमेंटाइनचे केस कापतो, तिला बंदूक चालवायला शिकवतो, आणि ती त्याचे वागणे सतत पाहत असते. पुढच्या पर्वात ती स्वतःच खेळाडूच्या हाती येते, तेव्हा ते शिक्षण खेळाडूच्या ओळखीचे असते.

हिंसेबाबतचा निर्णय अगदी सुरुवातीलाच घ्यावा. 'स्कायरिम'मध्ये (२०११) मुलांना मारताच येत नाही; 'फॉलआउट'मध्ये (१९९७) ते शक्य होते, म्हणून युरोपीय आवृत्त्यांत मुले पडद्यावरून काढून टाकावी लागली. ज्या प्रसंगात मूल सुरक्षित राहणार आहे, तिथे त्याला पळण्याची, लपण्याची किंवा मोठ्यांना हाक मारण्याची कृती द्यावी. तलवारीचा वार अंगातून नुसता आरपार गेला, तर खेळाडूच्या लेखी ते मूल तत्क्षणी निर्जीव ठरते.