कोंबडीची शीट नेहमीसारखी नाहीये? कारण असं शोधा

सकाळी खुराडं उघडावं आणि दांडीखाली भलतंच काहीतरी दिसावं, हिरवंगार, पाण्यासारखं, नाहीतर लाल, की पोटात गोळा येतो आणि हात सरळ औषधाच्या बाटलीकडे जातो. तो हात आधी थांबवा. नुसत्या रंगावरून औषध ठरत नाही, एकाच रंगाची चार-पाच कारणं असतात आणि त्यातली एक-दोन तर आजारच नसतात. बऱ्याचदा एका दिवसात कारण कळतं, फक्त क्रम नीट हवा. अपवाद एकच, लहान पिल्लांच्या शिटेत रक्त. तिथे दिवसभर बघत बसायचं नाही, ते खाली सविस्तर लिहिलंय.

आधी कोंबडी बघा, शीट नंतर

दाणे टाका आणि लांब उभं राहून बघा. सगळ्यांबरोबर धावत आली, टोचायला लागली, तुरा लाल आहे, डोळे उघडे टक्क, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. पण पिसं फुगवून, मान आत ओढून, शेपूट पाडून कोपऱ्यात उभी असेल तर शीट कशीही असो, ती आजारी आहे. कोंबडी दुखणं लपवते, अगदी सहन होत नाही तोपर्यंत बाकीच्यांसारखीच वागते, त्यामुळे आज सुस्त दिसली म्हणजे दुखणं आज सुरू झालं असं नसतं. उचलून घ्या आणि छातीचं हाड चाचपा, दोन्ही बाजूचं मांस गेलेलं आणि हाड धारदार लागत असेल तर वजन बऱ्याच दिवसांपासून उतरतंय. गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळी खायच्या आधी रिकामी लागायला हवी, तेव्हाही ती घट्ट गोळ्यासारखी नाहीतर पाणी भरलेल्या फुग्यासारखी लागली तर मूळ अडचण तिथे आहे आणि खालची पातळ शीट हा तिचा परिणाम.

शेपटीखाली पण बघा हो, हे बरेच जण विसरतात. तिथली पिसं चिकटून घट्ट झाली असतील तर कोमट पाण्याने धुवून कोरडी करा, माश्या अंडी घालतात आणि मग अळ्या पडतात.

नेहमीची शीट कशी असते

तपकिरी किंवा करड्या-हिरवट रंगाचा जरा घट्ट गोळा आणि त्यावर पांढरी टोपी. पांढरं म्हणजे युरिक ॲसिड, कोंबडी वेगळी लघवी करत नाही, मूत्रपिंडातून येणारं सगळं विष्ठेबरोबरच बाहेर पडतं. त्यामुळे दोन भाग वेगळे बघायची सवय लावा, रंगीत भाग आतड्याची खबर देतो आणि पांढरा भाग मूत्रपिंडाची.

आणि मग ती चिकट, मोहरीच्या चटणीसारखी किंवा गडद चॉकलेटी, फेसाळ, भयंकर वास येणारी शीट. हिलाच बघून सगळे घाबरतात. मीही घाबरले होते, पहिल्याच महिन्यात एका चांगल्या धडधाकट कोंबडीला हगवण लागली समजून औषध पाजलं. ती सीकमची शीट असते. कोंबडीच्या आतड्याला सीकम नावाच्या दोन बंद पिशव्या असतात, त्यात राहिलेला चोथा आंबतो आणि त्या दिवसातून काही वेळा रिकाम्या होतात, साधारण आठ-दहा शिटांमागे अशी एक. दिसली तर बरंच आहे, आतडं काम करतंय. सगळ्याच शिटा तशा यायला लागल्या तर मात्र पुढे वाचा.

खुडूक बसलेल्या कोंबडीची शीट पण वेगळी, ती दिवसभर धरून ठेवते आणि उठली की एकदाच मोठा ढीग टाकते, वास अतिशय घाण. आजार नाही.

रात्री कागद पसरा

जमिनीवरच्या शिटेवरून काहीच कळत नाही, कोणाची, कधीची, त्यात भुसा किती आणि पाणी किती. संध्याकाळी दांडीखाली वर्तमानपत्र नाहीतर पांढरा प्लॅस्टिकचा कागद पसरा आणि कोण कुठे बसलंय ते लक्षात ठेवा. एकीवर संशय असेल तर तिला वेगळ्या पिंजऱ्यात कागदावर एक दिवस ठेवा, पाणी आणि नेहमीचंच खाद्य द्या, नवीन काही नको. उजेडात फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला फार उपयोगी पडतात. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, साल्मोनेला नावाचा जिवाणू माणसालाही बाधतो आणि निरोगी दिसणारी कोंबडीसुद्धा तो पसरवते.

मागच्या दोन दिवसांत काय बदललं?

बीट खाल्लं तर शीट लाल, भरपूर पालेभाजी किंवा गवत खाल्लं तर हिरवी, जांभळी फळं खाल्ली तर काळपट-जांभळी, कलिंगड-काकडीवर ताव मारला तर पातळ. खाद्यात मीठ जास्त पडलं तर कोंबडी पाणी जास्त पिते आणि शीट पाणी होते. उन्हाळ्यात तर हे होतंच, कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून आणि पाणी पिऊन अंग गार ठेवते, मग शीट म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचं पाणी. सावली करा, गार पाणी ठेवा, संध्याकाळी गारवा आला की आपोआप घट्ट होते. खाण्यातून आलेला रंग ते खाणं बंद केल्यावर एक-दोन दिवसांत जातो, नाही गेला तर कारण खाण्यात नाही.

लाल दिसलं तर

नारिंगी-लालसर, धाग्यासारखं किंवा सालपटासारखं काहीतरी अधूनमधून थोडं दिसलं आणि कोंबडी मजेत आहे, तर ते बहुतेक आतड्याचं सुटलेलं अस्तर असतं, थोडं चालतं. खरं ताजं रक्त, किंवा सीकमची शीट रक्ताळलेली, आणि पिल्लं ३ ते ८ आठवड्यांची, पंख पाडून एकमेकांना चिकटून उभी, तर कॉक्सी म्हणजे रक्ती हगवण समजूनच पुढे जा. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याच्या पेशींत वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो, रक्त त्याचंच. त्याची अंडी शिटेतून बाहेर पडतात आणि ओल्या उबदार भुशात एक-दोन दिवसांत बाधा करण्याजोगी तयार होतात, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा हा खरा शत्रू. नेहमीची जंतुनाशकं त्यांना मारत नाहीत, कोरडेपणाच उपयोगी पडतो.

माझी एका वेळची पिल्लं मी 'उद्या बघू' म्हणून ठेवली होती, दुसऱ्या सकाळी त्यातली तीन गेली. म्हणून सांगते, रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. सहसा ॲम्प्रोलियम देतात, पिण्याच्या पाण्यातून, आणि ते चालू असताना बी१ असलेली व्हिटॅमिनं द्यायची नाहीत, कारण हे औषध परजीवीचं बी१ अडवूनच काम करतं. आणि हो, प्रत्येक कॉक्सीत रक्त दिसेलच असं नाही, आयमेरियाच्या काही जातींत नुसती पातळ, शेंबडासारखी शीट आणि वजन न वाढणं एवढंच दिसतं.

बाकीचे रंग

काळी, डांबरासारखी शीट आणि कोळसा किंवा गडद फळं खाल्लेली नाहीत, तर वरच्या आतड्यात रक्तस्राव असू शकतो. गडद हिरवी शीट आणि कोंबडी खातच नाहीये, तर पोटात अन्न नाही म्हणून नुसतं पित्त बाहेर येतंय, म्हणजे हिरवा रंग हा उपासाचा आहे, उपास का पडलाय ते शोधायचं. हिरव्या पातळ शिटेबरोबर धाप, घरघर, मान वाकडी होणं, पाय-पंख लुळे पडणं असं असेल तर राणीखेत म्हणजे मानमोडीचा संशय घ्या, लस दिली होती का ते तपासा.

पांढरी पातळ शीट फसवी असते. नुकत्याच फुटलेल्या पिल्लांत पांढरं चिकटून मागचं दार बंद होतं, हे थंडी, जास्त गरमी किंवा प्रवासाच्या ताणानेही होतं. ओल्या कोमट कापसाने हळू सोडवा, ओढू नका, आणि पोटावरची नाळेची जागा चुकूनही खरवडू नका. पण पाठोपाठ पिल्लं मरायला लागली तर पुलोरम, म्हणजे साल्मोनेलाच्याच एका प्रकाराने होणारा पिल्लांचा आजार, असू शकतो. पिल्लं ३ ते ६ आठवड्यांची असतील तर गंबोरो हा विषाणूचा आजार असू शकतो. मोठ्या कोंबडीत नुसतं पांढरं पाणी, घट्ट भागच नाही, आणि ती शेपूट वरखाली करत कुंथतेय, तर अंडं अडकलंय का ते आधी बघा. आणि वाढत्या पिल्लांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य घालताय का? त्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, पिल्लांना साधारण १ टक्का पुरतं, जास्तीचं त्यांची मूत्रपिंडं बिघडवतं.

जंत सहसा शिटेत दिसतच नाहीत, त्यांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. लांब पांढरा दोऱ्यासारखा गोल जंत किंवा तांदळाच्या दाण्यासारखे चपट्या जंताचे तुकडे दिसले तर खात्री झाली, पण दिसले नाहीत म्हणजे नाहीत असं नाही.

नमुना तपासायला देताना

दोन दिवसांत कळलं नाही, किंवा दोन-तीन कोंबड्यांना एकदम झालं, तर शीट तपासून घ्या. ताजीच घ्या, चार-पाच ठिकाणची थोडी थोडी, एक सीकमची पण असू दे, भुसा न लागता झाकणाच्या स्वच्छ डबीत घालून थंड जागी ठेवा, बर्फात गोठवू नका, आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची आणि कॉक्सीची अंडी दिसतात, मग नेमकं औषध मिळतं.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, चेहरे सुजले, तर नमुना स्वतः गोळा करू नका, मेलेली कोंबडी चिरू नका, हलवाहलवही नको. सरळ पशुवैद्यकीय खात्याला कळवा, तो बर्ड फ्लू असू शकतो.

औषध सुरू केलं की किती दिवस अंडी खायची नाहीत ते डॉक्टरांना विचारून भिंतीवर तारीख लिहून ठेवा, आणि कोर्स संपल्यावर दहा-बारा दिवसांनी पुन्हा एका रात्री तोच कागद दांडीखाली पसरा.