डाउटफुल साउंडला निघताय? आधी खिसा तपासा

पासपोर्ट, चार्जर, रोजच्या गोळ्या हे तुम्हाला कळतंच. मी थेट सँडफ्लाय चावू नये म्हणून अंगाला लावायच्या औषधावर येते. डाउटफुल साउंड ही समुद्राची खाडी न्यूझीलंडच्या फियोर्डलँडमध्ये आहे, आणि तिथलीच ही इवलीशी काळी, चावणारी माशी. मागच्या खेपेला औषध आम्ही ‘ते आनाऊ’ गावच्या दुकानातून आठवणीने विकत घेतलं आणि मोठ्या सुटकेसमध्ये ठेवलं. सुटकेस राहिली मानापुरीला (नाव कोकणातलं वाटतं, पण तिथलंच आहे) गाडीच्या डिकीत, कारण बोटीवर लहान बॅगच न्यायची असते. आधी मानापुरीचं तळं बोटीने ओलांडायचं, मग बसने विल्मट खिंड, मग डीप कोव्हचा धक्का. त्या धक्क्यावर उभ्या उभ्या मोजा संपतात आणि पँट सुरू होते तेवढ्या पट्टीत मला अकरा ठिकाणी चावलं. रात्रभर घोटा बंकच्या लोखंडी कडेवर घासत होते. तेव्हा औषध खिशात. बॅगेत नाही, खिशात.

आता पाऊस. फियोर्डलँडचा पश्चिम किनारा म्हणजे आंबोलीच्या तोडीचा पाऊस, फक्त चार महिन्यांत न उरकता वर्षभर पडणारा. आपल्याला पावसाचं काय, म्हणून छत्री नेऊ नका. डेकवरच्या वाऱ्यात ती पहिल्या पाच मिनिटांत उलटते. टोपीचं पक्कं रेनजॅकेट आणि वरून चढवायची रेनपँट घ्या. जीन्स नको, दुसऱ्या दिवशीही ओलीच राहते. मोबाइलची काच पुसायला दोन सुती फडकी. पाऊस आला म्हणून हिरमुसू नका, कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात ते पावसामुळेच. शिवाय मुसळधार पावसात माशा कमी असतात, चालत्या बोटीवरही त्रास देत नाहीत. बोट नांगर टाकते, तुम्ही कायाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीत बसता, तेव्हा मात्र हजर. म्हणून म्हणते, खिशात. कायाकमध्ये उतरण्याआधी घोटे, मनगटं, कानामागे लावून घ्या.

उलटीची गोळी बोट साउंडच्या तोंडाशी, टास्मान समुद्राकडे जाण्याआधी घ्यायची, नंतर उपयोग नाही. 1770 साली इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक याच तोंडातून आत शिरला नाही. आत गेलो तर परत बाहेर पडायला वारा मिळेल का, याची त्याला शंका होती. नाव त्यावरूनच पडलं.

चिवडा-लाडू नेताय? न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या फॉर्मवर सगळं लिहा, नाहीतर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. सह्याद्रीचा चिखल लागलेले बूट घरूनच धुऊन न्या. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. मोबाइलला रेंज नाही, घरी आधीच कळवा. गरम कपडे, कोरडे मोजे, ओल्यासाठी प्लास्टिकची पिशवी. बस.

आणि ते औषध? आत्ता कुठे आहे? सुटकेसमध्ये ना? काढा बाहेर.