विसर्जनाच्या बंदोबस्तात पोलीस मित्र व्हायचंय? मग हे आधी वाचा

अनंत चतुर्दशी जवळ आली की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, की अरे पोलीस मित्र (म्हणजे बंदोबस्तात पोलिसांना मदत करणारा स्वयंसेवक) कसं व्हायचं, तुला कोणी घेतलं. मी पुण्यात काही वर्षं लक्ष्मी रोडवर उभा राहिलोय, त्यामुळे जे माहितीये ते सांगतो, बाकी गावांत थोडंफार इकडेतिकडे असेल.

पहिलं म्हणजे आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही. गणपती बसायच्या निदान पंधरा दिवस आधी आपल्याच हद्दीतल्या पोलीस स्टेशनला जा आणि ठाणे अंमलदाराला (स्टेशनच्या टेबलावर ड्युटीला असतो त्याला) विचारा की पोलीस मित्रांचं काम कोण बघतं, बहुतेक वेळा गोपनीयवाल्यांकडे, म्हणजे स्टेशनमधल्या हद्दीची माहिती ठेवणाऱ्या पोलिसांकडे पाठवतात. आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि घरातल्या कोणाचातरी नंबर सोबत ठेवा. मंडळातून चार-पाच जण मिळून गेलात तर बरं, आणि त्यात मुली असतील तर फारच बरं, कारण बायकांच्या गर्दीत आपण पुरुषांनी हात घालायचाच नाही, तिथे त्याच लागतात.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पोलीस मित्राचं जॅकेट घातलं म्हणजे आपण पोलीस झालो नाही. कायद्यात विशेष पोलीस अधिकारी नेमायची सोय आहे (महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१), पण त्याला लेखी नेमणूक लागते, आपण तसे नाही. गाडीची चावी काढायची नाही, लायसन्स मागायचं नाही, काठी तर हातात धरायचीच नाही. मी पहिल्या वर्षी एका स्कूटरवाल्या काकांवर उगाच डाफरलो, ते शांतपणे म्हणाले "बाळा, माझं घर त्या गल्लीत आहे, मी जाऊ कुठून?" आणि खरंच माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून पॉइंटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जागेवर गेलो की आधी आजूबाजूच्या गल्ल्या पायी फिरून बघतो, कुठली बंद, कुठली उघडी.

खरं काम गर्दी अडवायच्या दोरीचं. दोरी कमरेच्या उंचीवर, तळहातात धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही म्हणजे नाही, मागून लोंढा आला की दोरी सोडता आली पाहिजे, नाहीतर हात जातो. आणि तोंड गर्दीकडे, पाठ मिरवणुकीकडे. म्हणजे मानाचे पाचही गणपती तुमच्या पाठीमागून जातात आणि तुम्हाला दिसतात ते मोबाईल वर केलेले हात, याची तयारी असेल तरच या. गर्दीत पुढच्याला ओरडून काही होत नाही, तो बिचारा आधीच दाबला गेलेला असतो, ढकलणारा चार रांगा मागे असतो, मागच्यांना थांबवा.

अँब्युलन्स आली की ढोलवाल्याला सांगायला जाऊ नका, त्याला काहीही ऐकू येत नाही. पथकाच्या बाजूने दोरी धरून चालणारी पोरं असतात, त्यांना गाठा, ते पुढे प्रमुखाला खूण करतात आणि वादन थांबतं. मग दोघांनी अँब्युलन्सच्या पुढे चालत वाट करायची.

लहान मूल हरवलेलं सापडलं तर त्याला घेऊन आईबाप शोधत हिंडायचं नाही. आहे तिथेच थांबा, ड्युटीवरच्या पोलिसांना सांगा, ते वायरलेसवर कळवतात. बेलबाग चौकात एकदा एक चिमुरडी सापडली, नाव विचारलं तर "पिल्लू" एवढंच सांगत होती, पण तळहातावर बॉलपेनने आईचा नंबर लिहिलेला होता, अर्धा घामाने पुसलेला, तरी लागला. म्हणून पोरं घेऊन येणाऱ्यांना दिसतील तिथे सांगत सुटतो की नंबर लिहा, आणि हातावर नको, कागदावर लिहून खिशात टाका.

काही संशयास्पद दिसलं, बेवारस बॅग वगैरे, तर हात लावायचा नाही, लोकांना लांब करा आणि जवळच्या पोलिसांना सांगा, कोणी नसेल तर ११२. मारामारीचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणाऱ्या पोलीस मित्राला पुढच्या वर्षी कोणी बोलवत नाही, आणि बरोबरच आहे.

बूट घाला, चप्पल नको, गर्दीत पाय तुडवले जातात. पाण्याची बाटली, पॉवर बँक, खिशात शेंगदाणा चिक्की. सकाळी मंडईतून सुरू झालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही चालते, त्यामुळे शिफ्ट आधीच ठरवून घ्या, बदली माणूस आल्याशिवाय पॉइंट सोडू नका, आणि निघताना सांगून निघा. जॅकेट आणि शिट्टी त्याच दिवशी जमा करा, घरी नेऊन कपाटात ठेवलेली जॅकेटं मागायला त्या हवालदारांना नंतर फोन करत बसावं लागतं.