घरात अनिश्चितता असताना मुलांचे मन कसे सांभाळावे?

मुंबईतल्या बहुतेक घरांत मुलांपासून काही लपवून ठेवण्याइतकी जागाच नसते. वन रूम किचनमध्ये रात्री दिवा मालवल्यावर आईवडील दबक्या आवाजात नोकरीविषयी, घरभाड्याविषयी किंवा आजोबांच्या रिपोर्टविषयी बोलू लागतात, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले मूल बऱ्याचदा जागे असते. त्याच्या कानावर शब्द अर्धेच पडतात, आवाजातली काळजी मात्र पुरती पोहोचते आणि राहिलेला भाग ते स्वतःच्या कल्पनेने भरून काढते. ती कल्पना अनेकदा वस्तुस्थितीपेक्षा भयंकर असते. त्यामुळे ‘मुलांना यातले काही कळू द्यायचे नाही’ हा निर्धार कितीही प्रेमापोटी केलेला असला, तरी तो सोडून द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. जे घडते आहे ते मुलाच्या वयाला पेलेल अशा शब्दांत, त्याच्या विश्वासाच्या माणसाने, त्याने विचारण्याची वाट न पाहता सांगणे हे अनिश्चित काळातले पहिले काम आहे.

सांगण्याआधी मोठ्यांनी काय ठरवावे

आई म्हणते ‘सगळे ठीक आहे’, आजी देवापुढे बसून डोळे पुसते आणि बाबा काहीच बोलत नाहीत, अशा घरात मुलाने कोणावर विश्वास ठेवायचा? म्हणून घरातल्या मोठ्या माणसांनी आधी आपसांत बसून चार गोष्टींवर एकमत करावे: काय झाले आहे, त्यामुळे काय बदलेल, काय बदलणार नाही आणि जे अजून ठरलेले नाही ते साधारण केव्हा कळेल. यातली चौथी गोष्ट पालक सहसा विसरतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगी आहे, कारण ‘माहीत नाही’ एवढ्यावर थांबणाऱ्या उत्तराने मूल अधांतरी राहते, तर ‘अमुक वेळी कळेल आणि कळले की तुला सांगू’ या उत्तराने त्याला वाट पाहण्याची एक मुदत मिळते.

वडिलांची नोकरी गेली असेल तर आई किंवा वडील असे सांगू शकतात: “कंपनीने बऱ्याच जणांना कामावरून कमी केलं, त्यात बाबापण आहे. तो दुसरी नोकरी शोधतोय, त्याला काही महिने लागतील. तोपर्यंत आपण बाहेरचं खाणं आणि नवीन कपडे घेणं थांबवायचं. तुझी शाळा तीच राहणार, आपण याच घरात राहणार. गणपतीला गावाला जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही; जुलै संपेपर्यंत ठरवू आणि तुला सांगू.” यात खोटे काही नाही आणि मुलाला न पेलणारेही काही नाही. कर्जाचा आकडा, कोणी फसवले, काकांनी पैसे का दिले नाहीत, हा तपशील मोठ्यांनी आपल्यापाशीच ठेवावा.

‘काहीही होणार नाही’ असे वचन देऊ नये. आजारी माणूस बरा होईल, नोकरी नक्की मिळेल, इमारत ठरल्या वर्षी उभी राहील, हे आपल्या हातात नसते, आणि दिलेले वचन मोडले की पुढचे खरे बोलणेही मुलाला खरे वाटेनासे होते. त्याऐवजी आपण काय करत आहोत आणि काय करणार आहोत ते सांगावे: डॉक्टर रोज तपासतात, आई रात्री दवाखान्यात थांबेल, सकाळी मावशी डबा करून देईल.

हे बोलणे झोपायच्या वेळी किंवा परीक्षेच्या सकाळी काढू नये. समोरासमोर बसवून गंभीर चेहऱ्याने बोलण्यापेक्षा शाळेतून परत येताना, इमारतीच्या गच्चीवर किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी बसून बोलणे मुलांना सोपे जाते, कारण डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही आणि मध्ये गप्प राहिले तरी चालते. एकदा सांगून काम संपत नाही. मूल तोच प्रश्न पुन्हा विचारील, आणि त्याला तेच उत्तर तितक्याच शांतपणे पुन्हा द्यावे लागेल.

वयाप्रमाणे काळजी वेगळी असते

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आपल्या मनात आलेल्या विचाराने किंवा आपल्या वागण्याने जगात घटना घडतात असे वाटू शकते. ‘मी हट्ट केला म्हणून आजी आजारी पडली’ असे त्यांच्या मनात असते, पण ते बोलून दाखवत नाहीत. त्यामुळे त्यांनी विचारले नाही तरी ‘हे तुझ्यामुळे झालेले नाही’ हे वाक्य स्पष्ट उच्चारावे. घरात मृत्यू झाला असेल तर ‘आजोबा झोपले’ किंवा ‘लांब गेले’ असे म्हणू नये. मूल झोपायलाच घाबरू लागते, किंवा रोज दाराकडे पाहत बसते. मेलेले माणूस परत येत नाही ही समज साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होते, तोपर्यंत ती संयमाने पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

प्राथमिक शाळेतल्या मुलांचे प्रश्न मोठ्यांना क्षुल्लक वाटतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला पुनर्विकासासाठी परळमधली पागडीची, म्हणजे जुन्या भाडेकरू हक्काची, खोली सोडून काही वर्षे उपनगरात भाड्याने राहायचे होते. करार, भाडे, नव्या घराचा ताबा हे सगळे आईवडिलांनी सात वर्षांच्या मुलाला नीट समजावले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “तिकडे गॅलरी नाही, मग माझी सायकल कुठे लावायची?” वडील हसण्यावारी नेणार होते, पण आईने सायकलच्या लांबीएवढी सुतळी कापली, रविवारी मुलाला घेऊन ती नव्या इमारतीत गेली आणि जिन्याखालच्या जागेत त्यालाच सुतळी धरून मापायला लावली. सायकल बसत होती. मग परतीच्या गाडीत त्याने पुढचे विचारले: जुने मित्र भेटायला येतील का, आजी कोणाकडे राहणार, आणि बिल्डरने भाडे दिले नाही तर काय. सायकलच्या प्रश्नाला आईने मान दिला नसता, तर हे तीन प्रश्न त्याने कदाचित मनातच ठेवले असते. मुलाचा लहान प्रश्न मनापासून सोडवावा. मोठा प्रश्न अनेकदा त्याच्या मागे उभा असतो.

घर बदलायचेच असेल तर मुलाला आधी एक-दोनदा तिकडे न्यावे, शक्य असेल तर वर्ष संपेपर्यंत शाळा बदलू नये आणि त्याचे एक खोके त्यालाच भरू द्यावे. बीडीडी चाळींसारख्या जुन्या वस्तीतून पुनर्विकासामुळे संक्रमण शिबिरात (तात्पुरत्या निवासात) किंवा भाड्याच्या घरात गेलेल्या मुलांचे घर तर बदलतेच, शिवाय दार उघडे ठेवून खेळायची सवय आणि हाकेच्या अंतरावरचे सवंगडीही सुटतात. त्यांना महिन्यातून एखाद्या रविवारी जुन्या वाडीत, जुन्या मैदानावर मुद्दाम घेऊन जावे.

किशोरवयीन मुले गप्प बसतात आणि ‘मला काही फरक पडत नाही’ म्हणतात. त्यांना पैशाची काळजी असते आणि मित्रांपुढे कमीपणा वाटण्याची भीतीही असते. क्लासची फी भरली गेली नाही हे वर्गात कळेल का, हा प्रश्न त्यांना आतून खात असतो. त्यांना घराची खरी परिस्थिती जरा अधिक सांगावी, मत विचारावे, जमेल अशी जबाबदारी द्यावी. परंतु मोठी मुलगी समजूतदार आहे म्हणून आईने आपले सगळे दुःख तिच्यापाशी ओतू नये. ती ऐकून घेते, धीर देते, धाकट्यांचे करते आणि तिचे स्वतःचे बालपण कोणाच्या लक्षातही न येता संपते. मोठ्यांचे ओझे बहीण, मैत्रीण, भाऊ अशा मोठ्या माणसांपाशीच उतरवावे.

दिवसाची घडी

बाहेरचे काही ठरत नसते तेव्हा घरातल्या दोन-तीन गोष्टी रोज त्याच वेळी घडाव्यात. सगळे वेळापत्रक सांभाळण्याचा अट्टहास नको. रात्रीचे जेवण एकत्र, सांजवातीची वेळ, झोपण्याआधीची गोष्ट, रविवारचा कॅरम यांपैकी ज्या गोष्टी आधीपासून चालत आल्या आहेत त्याच टिकवाव्यात. झोपेला पहिला मान द्यावा: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. एकाच खोलीत सगळे झोपत असतील तर मुलाच्या झोपेच्या वेळी टीव्ही बंद असावा आणि हिशेबाचे बोलणे दुसऱ्या दिवसावर ढकलावे. मुलांना झेपेल असे एखादे कामही द्यावे. पाण्याच्या वेळेला बाटल्या भरणे, भाजी निवडणे, आजीच्या गोळ्यांची वेळ लक्षात ठेवून मोठ्यांना आठवण करणे यातून आपलाही घराला उपयोग आहे हे मुलाला जाणवते.

बातम्यांचे चॅनेल दिवसभर चालू ठेवू नये. लहान मुलांना तेच दृश्य दहा वेळा दाखवले की ती घटना दहा वेळा घडली असे वाटते. मोठ्या मुलांना व्हॉट्सॲपवर काय काय आले ते विचारावे आणि त्यातले खरे-खोटे त्यांच्यासोबत बसून तपासावे.

भीती आधी घडलेल्या गोष्टीची असेल तर तयारीने ती पुष्कळ कमी होते. मुंबईत पावसाची भीती तशी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कित्येक मुलांना ती रात्र शाळेतच काढावी लागली. त्या पिढीतली मुले आज स्वतः पालक आहेत आणि पाऊस चढला की त्यांच्या चेहऱ्यावरची चिंता मुले वाचतात. जूनच्या आधीच घरात बसून ठरवावे: गाड्या बंद पडल्या तर मुलाने शाळेतच थांबायचे, ओळखीचे कोण न्यायला येईल त्यांची नावे शाळेला द्यायची, एक फोन नंबर तोंडपाठ करायचा, दुसरा दप्तरात लिहून ठेवायचा. महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा १९१६ हा क्रमांकही सांगून ठेवावा.

मन शरीरातून बोलते तेव्हा

बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, शाळेच्या वेळेला पोट दुखणे, आईचा पदर न सोडणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे ही ताणाची नेहमीची रूपे आहेत. एकदा डॉक्टरांना दाखवून शारीरिक कारण नाही याची खात्री करावी, पण ‘नाटक करतोस’ असे कधीही म्हणू नये. ते पोट खरोखर दुखत असते. ओली चादर गाजावाजा न करता बदलावी आणि भावंडांना चिडवू देऊ नये.

मूल रडत किंवा ओरडत असताना उपदेश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. जवळ बसावे, ‘तुला राग आलाय, आणि भीतीपण वाटतेय ना?’ असे त्याच्या भावनेला नाव द्यावे आणि थांबावे. राग येण्याला मुभा असावी, भावाला मारण्याला नसावी, आणि ही मर्यादा आवाज न चढवता सांगावी. चार अंक मोजत श्वास घेणे आणि सहा अंक मोजत सोडणे ही सवय दोघांनी मिळून शांत असताना लावावी. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाचे ठोके संथ होतात. आयत्या वेळी शिकवायला गेल्यास मूल आणखी चिडते.

आईवडिलांचे भांडण अशा काळात होणारच. मुलांसमोर झाले असेल तर समेटही त्यांच्यासमोरच व्हावा. ‘आम्ही दोघं पैशाच्या काळजीने चिडलो होतो, आता बोललो, तुझा त्यात काही दोष नाही’ एवढे पुरते.

मदत कधी घ्यावी

ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, मूल खाईनासे किंवा झोपेनासे झाले, मित्र आणि खेळ त्याने सोडले, तर वाट पाहू नये. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे ते एकदा जरी बोलले, तरी त्याच दिवशी मदत घ्यावी, त्याला एकटे सोडू नये आणि जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात घातला जात नाही. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीतूनही मिळते. मूल संकटात असेल, त्याला मारहाण किंवा अत्याचार होत असेल, तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि सायनचे लोकमान्य टिळक या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि तेथे केसपेपर काढून थोड्या खर्चात तपासणी होते. वर्गशिक्षकांनाही घरातली परिस्थिती दोन वाक्यांत कळवावी, म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या गृहपाठाकडे ते वेगळ्या नजरेने पाहतील.

डॉक्टरांकडे जाण्याआधी त्रास केव्हापासून आहे, झोप आणि भूक कशी आहे, घरात काय बदलले, हे कागदावर लिहून घ्यावे. मुलाला ‘फिरायला जाऊ’ म्हणून फसवून नेऊ नये. “तुला हल्ली खूप भीती वाटते आणि झोप लागत नाही, त्यासाठी आपण एका डॉक्टरांशी बोलायला जातोय, ते सुई टोचणार नाहीत, प्रश्न विचारतील, आणि तुला हवं असेल तर मी आत थांबेन,” असे सांगून मगच घराबाहेर पडावे.